भागीच्या पेढीचा पाहणीदार

मिरचीच्या वावराला एक फेरी मारायची, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून बिडी पेटवायची आणि "अठरा पोते" म्हणायचं. महिन्या-दीड महिन्यानं तिथून खरोखरच अठरा पोती निघायची. धामणगाव बढे गावात अशी नजर एकाच माणसाला होती. तो म्हणजे माळीपुऱ्यातले उकंडराव. थोरला महादेव तेवढा जगला, त्याच्या पाठची तीन लेकरं गेली, म्हणून आईनं या पाचव्याला जन्मताच उकिरड्यावर ठेवून परत उचललं होतं. असं केलं की काळाला वाटतं, हे टाकून दिलेलं पोर आहे, त्याच्या वाटेला तो जात नाही. पोर जगलं आणि नाव उकंडा पडलं. त्या नावाला 'राव' लागला तो फार पुढं, आणि तोही पेढीमुळं.

स्वतःचं वावर दीड एकर. त्यात मेथी, वांगी, थोडा कांदा. त्या दीड एकरातलं पीक मात्र त्यांना कधी नीट ओळखता आलं नाही. बायको गीताबाई चारचौघींत सांगायची, "घरच्या भाजीत मीठ किती पडलं थे समजत नाई, आन दुनियेच्या मिरचीचे पोते मोजत फिरतात." उकंडराव हसायचे. बायकोच्या बोलण्यात खोट काढता येत नाही तेव्हा माणूस हसतो, तसं ते हसणं होतं.

पेढी म्हणजे काही मोठी इमारत नव्हती. बाजारात दस्तगीरसेठचं दोर, घमेली आणि नांगराचे फाळ विकायचं दुकान होतं. त्याच्या मागच्या खोलीत एक सतरंजी, एक लोखंडी पेटी आणि एक उतरता डेस्क, एवढीच पेढी. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी गावातल्या पाच मुसलमान घरांनी आपापली शिल्लक एका जागी आणली. त्यांच्या धर्मात व्याज घ्यायचं नाही आणि द्यायचंही नाही. मग पैशाचं करायचं काय? दस्तगीरसेठ म्हणाले, "पेटीत ठेवला तं पडून राह्यते, व्याजानं लावला तं ईमान जाते. लोकाइच्या कामात भागी होऊ." गावानं तिला नाव दिलं भागीची पेढी.

नियम दोन मिनिटांत समजावा असा होता. खर्च पेढीचा, पाण्याचं डिझेल इंजिन पेढीचं, मेहनत करणाऱ्याची. पीक साधलं तर नफ्याचे तीन वाटे. दोन करणाऱ्याला, एक पेढीला. बुडालं तर पेढीचा पैसा बुडाला आणि करणाऱ्याची मेहनत बुडाली, कुणी कुणाकडं मागायचं नाही. आणि ज्याचं यंदा बुडालं, पुढच्या साली पहिला नंबर त्याचा. या शेवटच्या कलमावर पाचांमध्ये बराच वाद झाला होता म्हणतात. पण सेठनी ते रेटून नेलं.

आता या पाच घरांत शेतीतलं कुणालाच काही कळत नव्हतं. एक दोरवाला, एक फळांचा बागवान, एक शिंपी, एक कासार-सामानाचा व्यापारी आणि पाचवी एक म्हातारी, जी पडद्याआडून बोलायची. भागी मात्र सगळे माळी नाहीतर कुणबी. पीक किती येईल, कुणाचं खरंच बुडालं, कुणी आळस केला, हे पाहायला नजरेचा माणूस हवा होता. म्हणून उकंडराव. महिन्याला पंचवीस रुपये आणि वर्षाला एक धोतरजोडी.

दर शुक्रवारी दुपारची नमाज झाली की पाचही घरं त्या खोलीत बसत. उकंडराव दाराजवळ बसून आठवड्याची पाहणी तोंडी सांगत. निवृत्त मास्तर शालिग्राम गुरुजी लिहून घेत. उकंडरावांना सहीपुरतंच लिहिता यायचं, पण पंचवीस-तीस वावरं त्यांच्या डोक्यात बांधासकट उभी असत. अमक्याचा कांदा सडला, तमक्याची वांगी बरी. ते बोलत आणि टाक चाले. साक्ष नाही, अंगठा नाही, कुणी उलटून विचारायचं नाही. पाच वर्षांत त्यांनी निदान चाळीस जणांचा तोटा सांगितला असेल, सेठ मान हलवायचे आणि म्हणायचे, "लिहा, गुरुजी. पुढं." उकंडरावांची जहागीर म्हणाल तर ती एवढीच. भर बाजारातून ते छाती काढून चालायचे ते या टाकाच्या जोरावर.

गाव अर्थातच गप्प नव्हतं. सुरुवातीला म्हणायचे, मुसलमानाची पेढी आहे, आज ना उद्या वावर गिळेल. पाच वर्षांत एकही वावर गिळलं नाही, तेव्हा म्हणायला लागले, आतून गिळत असतील. दरवर्षी पेढीच्या हिश्शातला चौथा भाग गावाच्या कामाला जायचा. पाण्याच्या विहिरीवर लोखंडी रहाट आले, मोटार थांबते तिथं बसायला फरशी आली. नाव कुठंच कोरलेलं नाही. बुलढाण्याहून आलेल्या एका साहेबानं पाटी लावायचं सुचवलं, तर सेठ म्हणाले, पाटीवर खर्च कशाला, एक रहाट अजून येईल. लोक त्या फरशीवर बसून पेढीला नावं ठेवत, आणि फरशी त्यांना बसू देई.

पासष्ट साली सोजराबाई भागी व्हायला आली. सोजराबाई म्हणजे उकंडरावांची थोरली भावजय. भाऊ महादेवराव जाऊन चार वर्षं झाली होती. चूल वेगळी, पण भिंत एक. पदरात अकरा वर्षांची सिंधू आणि नाल्याकाठी दोन एकर काळी जमीन. वावर कुणाला बटाईनं लावलं तर निम्मं पीक चोरीला जातं, म्हणून तिनं स्वतःच करायचं ठरवलं.

"भावजी, पेढीचं इंजिन माह्या हिरीवर बसोता का? मिरची लावतो म्हनतो मी."

"इचारून पाह्यतो, वैनी."

शुक्रवारी विषय निघाला तेव्हा बागवान बुढनमियाँनी दाढी खाजवली. आजवर बाईमाणूस कुणी भागी झालं नव्हतं. बाई वावराला पाणी कधी देईल, मजूर तिचं ऐकतील का, एक ना दोन. उकंडराव सहसा पिकापलीकडं बोलत नसत. त्या दिवशी बोलले.

"माह्या जबानीवर द्या. काई कमीजास्त झालं तं मले इचारा."

सेठनी त्यांच्याकडं पाहिलं आणि गुरुजींना सांगितलं, लिहा. बी, खत आणि डिझेल मिळून दोनशे वीस रुपये आणि इंजिनाची पाळी सोजराबाईच्या नावावर पडली.

मिरची दसऱ्यापर्यंत अशी होती की जाणारा-येणारा थांबून पाहायचा. सोजराबाई पहाटे पाणी द्यायची, दुपारी निंदणाला बसायची, मजुरांच्या आधी येऊन त्यांच्या मागून जायची. आणि मग मिरचीवर बोकड्या रोग आला. पानं आवळली, शेंडे आखडले, फुलं धरेनात. उकंडरावांनी एक फेरी मारली. मग कधी नव्हे ती दुसरी मारली. पहिल्या फेरीला जे दिसलं तेच दुसऱ्या फेरीलाही दिसलं. चार पोती, तीही वाळवल्यावर पांढरी पडतील अशी. ती विकून घरची जवारीसुद्धा यायची नाही.

सोजराबाई बांधावर बसली होती.

"भावजी, हे शुक्रवारी बोलू नका."

"न बोलून कसं चालंन, वैनी? बोकड्या का तुमी आनला? लिहून घेतीन, झालं. आजवर किती जनाचं लिहून घेतलं."

"लोकाइचं येगळं. माह्यं लिहिलं की पुऱ्यातल्या बाया म्हनतीन, रांडमुंडीच्या हाताले बरकत नाई. आन तिकडे ते म्हनतीन, माळ्याच्या बाईनं मुसलमानाचा पैसा बुडोला. पुन्ना कोन्या बाईले दारात उभी करतीन का?"

तिनं कमरेची गाठ सोडली. आत चारशे रुपये होते. लग्नात आईनं दिलेल्या सोन्याच्या पाटल्या तिनं मलकापूरला विकल्या होत्या, एकटी मोटारीनं जाऊन.

"दोनशे वीस त्याइची मुद्दल. वरतं एकशे ऐंशी नफ्याचा हिस्सा. मिरची साधली म्हना. जास्त देल्लं तं कोनाचं काय जाते?"

उकंडराव विचारात पडले. कमी देणाऱ्याला पाप लागतं, हे त्यांनी शंभर कीर्तनांत ऐकलं होतं. जास्त देणाऱ्याला काय लागतं, हे कुठल्याच बुवांनी सांगितलेलं नव्हतं. पेढीचा एक पैसा बुडत नाही, उलट वाढतो. वहिनीची लाज राहते. आपण जबान दिली होती, तीही खाली पडत नाही. कुठूनही पाहिलं तरी यात वाईट दिसेना. वाईट दिसत नाही तेव्हा दोनदा पाहावं, हे पिकाच्या बाबतीत त्यांना पक्कं ठाऊक होतं. पैशाच्या बाबतीत त्यांनी एकदाच पाहिलं.

पौषातल्या एका शुक्रवारी ते म्हणाले, "सोजराबाईची मिरची साधली. नफा पाचशे चाळीस. पेढीचा हिस्सा एकशे ऐंशी. मुद्दल आन हिस्सा हा घ्या."

गुरुजींचा टाक चालला. दस्तगीरसेठ एवढे खूष झाले की त्यांनी चहा मागवला, आणि ते सहसा कुणाला चहा पाजत नसत. म्हणाले, बाईमाणसाचा हा पहिला नफा आहे, याचा चौथा भाग नको, सगळाच पोरींच्या शाळेला जाऊ द्या. जिल्हा परिषदेनं पोरींच्या शाळेची एक खोली बांधून दिली होती, पण वरचं छप्पर मंजुरीत अडकलं होतं. पोरी लिंबाखाली बसायच्या. महिन्याभरात मलकापूरहून टिनपत्रे आले. होळीच्या आधी ते खोलीवर चढले.

सोजराबाईचं गावातलं वजन वाढलं. आवळलेली पानं काहींनी पाहिली होती, पण उकंडरावांच्या आकड्यापुढं त्यांनी आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. तिच्या मिरचीनं शाळेला छप्पर दिलं, असं बाया बोलायला लागल्या. ज्यांच्या तोंडात एरवी साखर टाकली तरी कडू व्हायची, त्याही तिला बसायला पाट द्यायला लागल्या. उकंडराव शाळेवरून जाताना वर पाहायचे. खोटं बोलून चार जणांचं भलं झालं तर त्याला खोटं म्हणायचं का, हा सवाल त्यांना पडायचा. उत्तराची त्यांना घाई नव्हती.

घाई वैशाखात झाली. मनकर्णाबाई आणि चांगुणा, माळीपुऱ्यातल्या दोघी जणी, सोजराबाईचं पाहून पेढीच्या दारात आल्या. दोघींची वावरं नाल्याकाठचीच, सोजराबाईच्या वावराला लागून. दोघींना मिरचीच लावायची होती.

सेठ हसत म्हणाले, "ज्या पट्टीत सोजराबाईची साधली त्याच पट्टीत याइचीही साधंन. काय उकंडराव? तू हाव म्हन, आत्ता लिहितो."

त्या पट्टीत बोकड्या मुरला होता. दोघींचं वर्ष वाया जाणार, घाम वाया जाणार, हे उकंडरावांना बी पडायच्या आधीच दिसत होतं. त्यांनी एक शुक्रवार मागून घेतला.

घरी गीताबाईला सांगितलं. ती भाकर थापत होती. थांबली नाही.

"खोटं बोलाले मले नाई इचारलं. आता निस्तराले काऊन इचारता?"

सोजराबाईला सांगितलं तर ती एकच म्हणाली, "त्या दोघीले दुसरं काई लावा म्हना. माह्यं झाकलेलं उघडू नका." पण मिरची का नको, हे सांगितल्याशिवाय मिरची नको म्हणता येत नव्हतं. आठ दिवस उकंडराव वावरं पाहत फिरले आणि एकाही वावरात त्यांना किती पोती येतील ते सांगता आलं नाही.

पुढच्या शुक्रवारी ते दाराजवळ नेहमीच्या जागी बसले आणि सगळं सांगून मोकळे झाले. बोकड्या, चार पोती, मलकापूर, पाटल्या. शेवटी म्हणाले, "पेढीचं नुस्कान काईच झालं नाई, सेठ. झाला तं फायदाच झाला. तरी मी खोटं बोललो, थे कबूल."

पडद्याआडची म्हातारी तेवढी "या अल्ला" म्हणाली. उकंडरावांना वाटलं होतं, रागावतील, फार तर दोन शब्द लावतील. पण दस्तगीरसेठचा चेहरा असा झाला की आजारी माणूस बरा दिसावा.

"बुडाले असते दोनशे वीस, तं बुडाले असते," ते हळू आवाजात म्हणाले. "आमाले चालते थे. पन पीक आलंच नाई, नफा झालाच नाई, आन मुद्दल घेऊन वरतं एकशे ऐंशी घेतले. याले काय म्हनतात, उकंडराव? याले व्याज म्हनतात. एका इधवेच्या पाटल्या मोडून तू पाच घराले व्याज चारलं."

बुढनमियाँ उठून बाहेर गेले. त्यांना ओकारी आली होती, असं नंतर कळलं. लोक याला अतिरेक म्हणतील. पण ज्यानं आयुष्यभर एक वस्तू तोंडाला लावली नाही त्याला ती नकळत चारली तर कसं वाटतं, हे माळीपुऱ्यातल्या माळकऱ्यांना तरी समजायला हरकत नव्हती. उकंडरावांना ते त्या क्षणी समजलं. जास्त देणाऱ्याला काय लागतं, ते त्यांच्या समोर बसलं होतं.

पेटी उघडली गेली. चारशे रुपये मोजून फडक्यात बांधले गेले. छपरात गेलेले एकशे ऐंशी पाचही जणांनी आपापल्या खिशातून भरून काढले, म्हणजे छप्पर राहिलं आणि त्यातला तो पैसा बाहेर आला. फडकं उकंडरावांच्या हातात देऊन सेठ म्हणाले, ज्याचं त्याला पोचव.

सोजराबाईनं घेतलं नाही. "देल्लेलं मी घेत नसतो. आन घेतलं तं गावाले काय सांगू?" उकंडराव फडकं घेऊन परत पेढीत. सेठनी हात लावला नाही, परत माळीपुऱ्यात. असं तीनदा झालं. चारशे रुपयांना दोन्ही दारांनी हाकललेलं त्या गावानं आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि उकंडराव मधल्या मध्ये त्यांचे हमाल झाले. शेवटी फडकं पेढीच्या कोनाड्यात पडून राहिलं आणि सेठ मलकापूरला मौलवीसाहेबांना विचारायला गेले.

मौलवीसाहेबांनी सांगितलं, पहिला हक्क तिचा आहे. तिनं घेतलंच नाही तर तो पैसा अशा कामाला लावा ज्याचं पुण्य तुम्ही आपल्या नावावर मागणार नाही. मशीद नको, विहीर नको. लोक संडास बांधतात.

हा निरोप सोजराबाईला सांगायचं काम अर्थातच उकंडरावांकडं आलं. सांगताना त्यांनी दोन हात अंतर ठेवलं होतं, ते बरं केलं.

"संडास? माह्या मायनं देल्लेल्या पाटल्याचा संडास?" तिच्या हातातलं सूप अंगणात जाऊन पडलं. "कोन म्हने असं? थांबा, मीच येतो शुक्रवारी."

आणि ती खरंच आली. पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला होता आणि उंबऱ्याच्या बाहेर उभी होती. पाचही माणसं सावरून बसली. गुरुजींनी टाक खाली ठेवला.

"सेठ, छपराले माह्या पैशानं इटाळ होते, आन संडासाले होत नाई. हा कोनता न्याय व्हय?"

सेठ उठून उभे राहिले. "इटाळ नाई, बाई. पैसा तुमचा हाये, सोन्यासारखा हाये. पन तो आमचा नाई. आमचा नाई त्याच्यानं छप्पर बांधून आमी पुन्य कसं घ्यावं? संडासाचं पुन्य कोनी मागत नाई, म्हून."

भांडायला आलेल्या माणसाला सरळ उत्तर मिळालं की त्याची पंचाईत होते. सोजराबाईनं उंबऱ्यावर एक हात ठेवला आणि गुरुजींकडं पाहून मोठ्यानं, दुकानात उभ्या असलेल्यांनाही ऐकू जाईल असं म्हणाली:

"मंग लिवा मास्तर. माह्यी मिरची बुडाली. बोकड्या आला. चार पोते झाले, थेही पांढरे. नफा काईच नाई. हे मी माह्या तोंडानं सांगून राह्यलो."

गुरुजींनी लिहिलं. दस्तगीरसेठ म्हणाले, "गुरुजी, पुढच्या सालच्या यादीत पयलं नाव सोजराबाईचं घ्या. बाई, मिरची नका लावू त्या पट्टीत. कांदा लावता का?"

ती गोंधळली. "मले? बुडवूनशान्या?"

"ज्याचं बुडालं त्याचा पयला नंबर. पेढी सुरू झाली तवापासूनचा कायदा हाये. तुमच्या भावजीले इचारा. त्याले पाठ हाये."

सगळ्यांनी उकंडरावांकडं पाहिलं. खरंच त्यांना पाठ होता. चाळीस जणांच्या वेळी त्यांनी तो स्वतः जाऊन त्या त्या घरी सांगितला होता. रडणाऱ्या माणसांना म्हणाले होते, घाबरू नका, पुढचं साल तुमचं.

सेठ खाली बसले. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"दुसऱ्याचं बुडालं तवा तू येऊन बिनघोर सांगतलं, उकंडराव. घरचं बुडालं तं आमी परके झालो. पाच वर्स आमच्यात बसला, आमची चूल-भाकर तुले ठाव, आन भरवसा इतकाच?"

वहिनीची लाज, विधवेचं दुःख, दिलेली जबान, हे सगळं होतं खरं. पण त्याच्या तळाशी सेठ म्हणाले तेच होतं, आणि ते स्वतः उकंडरावांनाही आजवर दिसलं नव्हतं.

सेठनी कोनाड्यातलं फडकं काढून उंबऱ्याशी ठेवलं. आता तोटा लिहिला गेला होता, पैसा बिनदिक्कत तिचा होता. सोजराबाईनं ते उचललं, हातात तोललं आणि परत ठेवलं.

"संडासच बांधा. पोरीच्या शाळेत. माह्यी सिंधू बारा वर्साची झाली. दुपारी घरी येते, थे परत जात नाई. मोठ्या पोरी अशाच सुटतात शाळेतून. आन दार मजबूत लावा."

ती गेली. मग सेठ नेहमीसारखे म्हणाले, "हं, उकंडराव. पुढं."

उकंडराव सावरले. पुढचं नाव रंगरावांचं होतं. "रंगरावचा उन्हाळी कांदा. चांगला हाये. चाळीस पोते."

टाक चालला नाही. गुरुजी सेठकडं पाहत होते. सेठ सतरंजीच्या काठाकडं पाहत होते.

"आनखी कोनी पाह्यला?"

पाच वर्षांत हा सवाल त्या खोलीत पहिल्यांदाच आला होता. उकंडरावांना तो समजायला थोडा वेळ लागला.

"नाई, सेठ. एकट्या मीनंच." मग तेच म्हणाले, "कोनाले तरी धाडा. पाहून येऊ द्या."

सेठनी दुकानातला मापारी रामराव याला धाडलं. तो सायकलवर गेला, दिवस मावळायच्या आत आला आणि म्हणाला, चाळीस.

शाळेचा संडास दिवाळीपर्यंत बांधून झाला. दोन खोल्या, विटांच्या भिंती, सागवानी दारं. गाव तो बघायला आलं, हसलं, आणि दुसऱ्या वर्षी सातवीला नऊ पोरी बसल्या, त्यात सिंधू होती. सोजराबाईचा कांदा साधला, आणि मिरची सोडून कांदाच लावलेल्या मनकर्णाबाईचा आणि चांगुणाचाही. तिसऱ्या साली पेढीत बाया भागी सहा झाल्या. त्या आपलं पीक, आपला नफा, आपला तोटा उंबऱ्याशी उभ्या राहून स्वतःच्या तोंडानं सांगायच्या.

उकंडरावांना पेढीनं काढलं नाही. पंचवीसाचे तीस झाले, धोतरजोडी चुकली नाही, ईदेला शेवया घरी येत राहिल्या. पेढी त्यानंतर आठ वर्षं चालली. मोठी सोसायटी आली आणि पाच घरांतली दोन मलकापूरला गेली तेव्हा ती बंद झाली. त्या आठ वर्षांत उकंडराव वावर पाहून यायचे, शुक्रवारी आकडा सांगायचे, आणि शनिवारी रामरावची सायकल त्याच वावराच्या धुऱ्यावर टेकलेली दिसायची. बाजारातले टवाळ म्हणायचे, तुमची सावली सायकलवर बसते. त्यांना ते लागायचं. गीताबाईजवळ एकदा म्हणालेही, की पाठीवर काठी बसली असती तर इतकं दुखलं नसतं. सेठजवळ मात्र त्यांनी कधी शब्द काढला नाही. आठ वर्षांत दोघांच्या आकड्यात एका पोत्याचाही फरक पडला नाही. रामरावला दर वेळी धाडलं.